कोरस नको, फ्लँजर चालेल: गिटारवादकाची आवड नेमकी कशावर ठरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बँडमध्ये दोन गिटारवादक आहेत. कोरस आणि फ्लँजर म्हणजे गिटारचा आवाज बदलणारे दोन इफेक्ट, पायाने चालू-बंद करायच्या डब्यांत, म्हणजे पेडलमध्ये, मिळणारे. एकाला कोरस सुरू झाला की डोकं उठतं, दुसऱ्याला फ्लँजर ऐकला की गिटार सोडून यंत्रच वाजतंय असं वाटतं, आणि पेडलबोर्डवर जागा उरली आहे फक्त एका पेडलची. तर कोरस घ्यावा की फ्लँजर, ॲनालॉग की डिजिटल, आणि नामवंत वादकांमुळे गाजलेली मॉडेल्स खरोखर इतकी वेगळी असतात का?

मी गिटार वाजवतो आणि बरीच वर्षं पेडल उघडून दुरुस्तही करतो. दोन्ही कामांतून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. ‘मला कोरस आवडत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांचा राग सूर हलण्यावर असतो. ‘मला फ्लँजर आवडत नाही’ म्हणणाऱ्यांचा राग फीडबॅकमुळे, म्हणजे बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत सोडल्यामुळे, येणाऱ्या धातूच्या नळीसारख्या आवाजावर असतो. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या नॉबवर आहेत आणि दोन्ही कमी-जास्त करता येतात. आपल्या कानाला यातलं काय खुपतं आणि काय हवंहवंसं वाटतं हे आधी ठरवलं, तर पेडलची निवड निम्म्याहून अधिक तिथेच होते. म्हणून मॉडेलच्या नावांकडे वळण्यापूर्वी आत काय चालतं ते सांगतो.

दोन्ही पेडल मुळात एकच काम करतात. गिटारचा आवाज दोन वाटांनी जातो. एका वाटेवर तो जसाच्या तसा राहतो, दुसऱ्या वाटेवर त्याला काही मिलिसेकंद उशीर होतो, आणि हा उशीर सतत कमी-जास्त होत असतो. शेवटी दोन्ही आवाज एकत्र येतात. उशीर साधारण अर्ध्या मिलिसेकंदापासून दहापर्यंत असेल आणि बाहेर पडलेला आवाज थोडा पुन्हा आत सोडला असेल, तर त्याला आपण फ्लँजर म्हणतो. उशीर पाच ते तीस मिलिसेकंदांच्या आसपास असेल आणि फीडबॅक नसेल, तर कोरस. मधला पट्टा दोघांचा सामायिक आहे. त्यामुळे काही पेडल बाहेरून एक नाव लावून आतून दुसऱ्याच्या जवळ जातात.

आता सूर का हलतो ते पाहू. उशीर स्थिर असेल तर सूर तोच राहतो. उशीर वाढत असताना उशिराचा आवाज किंचित उतरतो आणि उशीर घटत असताना किंचित चढतो. किती चढ-उतार होईल हे उशीर किती वेगाने बदलतोय यावर ठरतं. समजा उशीर मधल्या जागेपासून एक मिलिसेकंद मागे-पुढे जातो आणि असं सेकंदाला एकदा होतं. उशिराच्या या मागे-पुढे होण्याची लाट साइन आकाराची, म्हणजे गोलसर, असेल तर सूर जास्तीत जास्त ११ सेंट चढतो आणि तितकाच उतरतो. एका अर्धस्वरात १०० सेंट असतात, तेव्हा ११ सेंट म्हणजे कान ओळखतो पण सहसा माफ करतो असा फरक. आता डेप्थला, म्हणजे उशीर किती मागे-पुढे जातो त्याला, हात न लावता रेट, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या फेऱ्या, तेवढा तिप्पट करा. सूर ३२ सेंट हलायला लागतो. सेकंदाला पाच फेऱ्या केल्या तर ५० सेंटच्याही पुढे जातो, म्हणजे पाव स्वराहून जास्त. त्या जागी कोणालाही तो कणसूरच वाटणार.

हे गणित मी मुद्दाम मांडतोय, कारण कोरसबद्दलच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. वादक रेटचा नॉब वेगासाठी फिरवतो, आणि त्याच्या नकळत सुराचा हेलकावाही वाढतो. मग ‘कोरस बेसूर असतो’ असं मत तयार होतं आणि ते पुढे वर्षानुवर्षं टिकतं. रेट वाढवला की डेप्थ कमी करायचा, रेट कमी केला की डेप्थ वाढवायला मोकळीक मिळते. काही पेडलमध्ये ही तडजोड सर्किटच करतं, पुष्कळशा पेडलमध्ये ती तुम्हालाच करावी लागते.

लाटेच्या आकाराकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही. साइन लाटेत उशीर बदलण्याचा वेग सतत बदलतो, त्यामुळे सूर सरकत राहतो. त्रिकोणी लाटेत हा वेग अर्धी फेरी एकसारखा असतो आणि उरलेली अर्धी फेरी उलट दिशेने एकसारखा. वरच्याच उदाहरणात त्रिकोणी लाट घातली, तर सूर अर्धा सेकंद सुमारे ७ सेंट वर स्थिर राहतो आणि पुढचा अर्धा सेकंद ७ सेंट खाली. ऐकताना हे डुलण्यासारखं कमी वाटतं. आवाज जाड झाल्यासारखा, दोन गिटार जवळजवळ एकाच सुरात वाजत असल्यासारखा वाटतो. दोन पेडलवर नॉब तंतोतंत एकाच जागी ठेवूनही एक ‘समृद्ध’ आणि दुसरं ‘गरगरणारं’ का वाटतं, याचं एक मोठं कारण हे आहे.

दुसरं कारण सुराच्या उंचीत आहे. सेंटमध्ये फरक सारखाच असला, तरी मूळ आणि उशिराच्या आवाजातले ठोके, म्हणजे दोन जवळच्या सुरांमुळे आवाजाचं लहान-मोठं होणं, वरच्या सुरांवर जलद पडतात. ११ सेंटच्या फरकाला सहाव्या तारेच्या मोकळ्या ई सुरावर, म्हणजे ८२ हर्ट्झला, दोन सेकंदांत जेमतेम एक ठोका पडतो. ४४० हर्ट्झच्या ए सुरावर सेकंदाला जवळपास तीन पडतात. म्हणून कोरसमध्ये वरच्या तारा चमचमतात आणि खालच्या नुसत्या डुलतात. क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) नसलेल्या, आवाजात एकेक तार मोकळी करत कॉर्ड वाजवणाऱ्यांना कोरसचं इतकं वेड का असतं, हे यातून कळतं. त्यांच्या वाजवण्यात वरच्या तारा सुट्या आणि लांबवर ऐकू येतात, त्यामुळे कोरसला काम करायला पुरेपूर जागा मिळते.

या आवाजाचा उगमही स्वच्छ गिटारपाशीच आहे. रोलँडचा जेसी-१२० हा ॲम्प १९७५ साली आला. त्यात दोन स्पीकर, दोघांना वेगवेगळा पॉवर ॲम्प. कोरस चालू केला की एका स्पीकरमधून मूळ आवाज येतो आणि दुसऱ्यातून उशिराचा, सूर हलणारा. दोन्ही एकत्र येतात ते खोलीतल्या हवेत. पुढच्या वर्षी तेच सर्किट पेडलच्या रूपात आलं. रोलँडच्याच बॉस या पेडलच्या नावाखालचं सीई-१ ते हेच. ते जड आहे, थेट मेन्सवर चालतं आणि त्यात कोरस व व्हायब्रेटो (फक्त हलणारा आवाज, मूळ नाही) असे दोन प्रकार आहेत. कोरसच्या बाजूला फक्त एक इंटेन्सिटी नॉब. १९७९ मध्ये आलेल्या सीई-२ ने हाच विचार छोट्या डब्यात बसवला, रेट आणि डेप्थ असे दोन नॉब दिले आणि आउटपुट मोनो ठेवलं.

सीई-१ आणि सीई-२ यांची तुलना नेहमी होते. माझ्या मते त्यात एक गोष्ट सुटते. सीई-१ च्या आत एक प्रीॲम्प (सिग्नल आधी वाढवणारं सर्किट) आहे आणि गिटारच्या आवाजाची जी रया बदलते त्यात त्याचा वाटा मोठा आहे. पुष्कळांना सीई-१ मध्ये जे भावतं त्याचा बराच भाग हा प्रीॲम्प आणि दोन ॲम्पना दोन वेगळे आवाज देण्याची सोय यांतून येतो. रेड हॉट चिली पेपर्सच्या जॉन फ्रुशांतेने सीई-१ वापरलं ते दोन ॲम्प चालवण्यासाठीसुद्धा. एकच ॲम्प असेल, तर सीई-१ च्या मागे धावण्यात फारसा अर्थ नाही. सीई-२ घराण्यातलं कोणतंही चांगलं पेडल तुम्हाला तिथवर पोचवेल.

स्टिरिओ आउटपुटबद्दल इथेच सावध करतो. ‘स्टिरिओ’ लिहिलेल्या पेडलमध्ये दोन अगदी वेगळ्या पद्धती सापडतात. पहिली वर सांगितलेली: एकीकडे मूळ, दुसरीकडे उशिराचा. दुसरीत दोन्हीकडे मिश्रण असतं, पण एका बाजूला उशिराचा आवाज उलटा करून मिसळलेला असतो. हेडफोनवर ही दुसरी पद्धत फार रुंद आणि देखणी वाटते. पण साउंड इंजिनीअरने दोन्ही चॅनेल मोनोत एकत्र केले, की उशिराचे दोन आवाज एकमेकांना खोडतात आणि श्रोत्यांपर्यंत कोरस पोचतच नाही. स्टेजवर तुम्ही खूश आणि समोर कोरडी गिटार. मोनो पीएवर, म्हणजे श्रोत्यांसाठीच्या एकाच चॅनेलच्या स्पीकरवर, वाजवायचं असेल तर एकाच आउटपुटवरून ऐका, पसंत करा आणि तेच वापरा.

आता ज्यांना सूर हललेला चालत नाही पण गिटार रुंद हवी असते त्यांच्याबद्दल. या लोकांनी फार सुंदर वाटा काढल्या आहेत. जॅझ गिटारवादक पॅट मेथनीने मूळ आवाज तसाच ठेवून दोन बाजूंना दोन डिले दिले, एक १४ आणि दुसरा २६ मिलिसेकंदांचा, आणि त्यांचा सूर अगदी नाममात्र हलवला. दुसरा जॅझ गिटारवादक माइक स्टर्न याने यामाहा एसपीएक्स-९० या इफेक्ट यंत्रातला पिच बदलण्याचा प्रोग्रॅम वापरला. त्यात लाट नसतेच. सूर किंचित सरकवलेला असतो आणि तिथेच थांबतो, त्यामुळे जलद ओळी वाजवताना डुलणं जाणवत नाही. तिसरी वाट रोलँडच्या १९७९ च्या डायमेन्शन डी या रॅक यंत्राची, आणि तिचं पेडल रूप म्हणजे १९८५ चं बॉस डीसी-२. यात उशीर देणाऱ्या दोन शाखा आहेत आणि त्यांच्या लाटा एकमेकींच्या उलट चालतात. एकीचा सूर चढत असताना दुसरीचा उतरतो, मग कानाला कोणत्याच दिशेने ओढ जाणवत नाही. डीसी-२ वर नॉब नाहीत, चार बटणं आहेत. कोरसला नाकं मुरडणाऱ्यांना मी सर्वांत आधी हा प्रकार ऐकवतो, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना तो आवडतो. तुमच्या पहिल्या मित्राने हे ऐकल्याशिवाय कोरसवर फुली मारू नये.

याच्या अगदी उलट टोकाला इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचं स्मॉल क्लोन हे कोरस पेडल आहे. रेटचा एक नॉब आणि डेप्थचा एक खटका. खटका वर केला की सूर उघडपणे हलतो, पाण्यात बुडाल्यासारखा. १९९१ मध्ये ‘कम ॲज यू आर’ या गाण्यात निर्वाणाच्या कर्ट कोबेनने हाच आवाज पुढे आणला. तिथे हेलकावा लपवायचा नव्हताच, गाण्याचा उदास रंग त्या हेलकाव्यातून येतो. मूळ रिफ थोड्या सुरांची आणि सावकाश असल्यामुळे प्रत्येक सुराला हलायला वेळ मिळतो. हेच सेटिंग लावून कोणी भरगच्च जॅझ कॉर्ड वाजवले, तर कोणाचंच समाधान होणार नाही. पेडल चांगलं की वाईट हे ठरवण्याआधी आपण एका मापात किती सूर वाजवतो ते पाहायला हवं.

फ्लँजरकडे येतो, आणि इथे जरा जास्त थांबणार आहे, कारण त्याच्याइतकं गैरसमजाचं धनी झालेलं पेडल दुसरं नाही.

उशीर फार थोडा असला की कानाला दोन वेगळे आवाज कळत नाहीत. कळतं ते एवढंच, की काही वारंवारता गायब झाल्या आहेत. उशीर एक मिलिसेकंद असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा जागी आवाज खोडला जातो आणि त्यांच्या मधोमध उचलला जातो. उशीर बदलला की या खोबणी एकत्र वर-खाली सरकतात. फ्लँजरचा जो सरकता आवाज आपण ओळखतो तो हाच. दोन्ही वाटांचे आवाज अगदी सारख्या पातळीवर असतील तर खोबणी पूर्ण खोल असते. उशिराचा आवाज निम्मा केला तर खोबण फक्त ६ डेसिबल खोल राहते आणि उंचवटा साडेतीन डेसिबलचा. मिक्सचा नॉब थोडासा फिरवला तरी फ्लँजर एवढा सभ्य का होतो, ते या आकड्यांत दिसतं.

रीजन, रेझोनन्स, कलर किंवा एन्हान्स अशा नावांनी जो नॉब असतो तो फीडबॅकचा. तो वाढवला की उंचवटे टोकदार होतात आणि एका टप्प्यावर ते स्वतःच सुरासारखे ऐकू यायला लागतात. विमान उडाल्यासारखा किंवा नळीतून बोलल्यासारखा आवाज तो. तुमच्या दुसऱ्या मित्राला जे यंत्रासारखं वाटतं ते जवळपास नक्कीच हे आहे. दुर्दैवाने पेडल हातात घेतल्यावर जवळजवळ प्रत्येक जण हाच नॉब आधी पूर्ण फिरवतो, दोन मिनिटं थक्क होतो आणि तिसऱ्या मिनिटाला कंटाळतो. फीडबॅक शून्यावर ठेवून, रेट इतका कमी करून की एक फेरी पुरी व्हायला सात-आठ सेकंद लागतील, एकदा वाजवून पाहा. तो फ्लँजर गिटारच्या मागे चालतो, पुढे येत नाही.

फ्लँजरची मूळ चव टेपची आहे. एकच ध्वनिमुद्रण दोन टेप यंत्रांवर एकदम वाजवायचं आणि एका यंत्राच्या रिळाच्या कडेला बोट लावून ते किंचित मागे पाडायचं, मग दुसरं मागे पाडायचं. स्मॉल फेसेस या बँडच्या १९६७ च्या ‘इचिकू पार्क’ मधला सरकता आवाज ऐकला की त्या पद्धतीची ताकद कळते. टेपमध्ये एक यंत्र दुसऱ्याला गाठून पुढे जातं, म्हणजे मध्ये एका क्षणी उशीर खरोखर शून्य होतो. साध्या पेडलमध्ये हे होऊ शकत नाही, कारण उशिराची वाट कितीही जलद केली तरी ती मूळ वाटेच्या मागेच राहते. त्यासाठी मूळ आवाजालाही थोडा स्थिर उशीर द्यावा लागतो. ही सोय असलेल्या पेडलवर ‘थ्रू-झीरो’ असं लिहिलेलं असतं. त्यात दोन्ही आवाज एकमेकांच्या उलट मिसळले असतील, तर शून्याच्या क्षणी गिटार पूर्ण नाहीशी होते आणि परत येते. परिणाम जबरदस्त आहे, पण बँडमध्ये तालाच्या ठोक्यावरच गिटार गायब झाली तर पंचाईत होते. गाणं संपताना किंवा लांबलेल्या कॉर्डवर हा प्रकार फार शोभतो. रोजच्या वापरासाठी मी तो सुचवणार नाही.

पेडल फ्लँजरमध्ये मला तीन घराणी स्पष्ट दिसतात. पहिलं इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या इलेक्ट्रिक मिस्ट्रेसचं, १९७० च्या दशकातलं. याचा फ्लँज पातळ, हवेशीर आणि कोरसच्या जवळचा आहे. द पोलिसचा अँडी समर्स आणि पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर यांनी ते वापरलं, आणि दोघांच्याही हातात ते एका टप्प्यावरचं चमत्कारी बटण न राहता गिटारच्या आवाजाचा नेहमीचा भाग झालं. यात फिल्टर मॅट्रिक्स नावाचा खटका आहे. तो लावला की लाट थांबते आणि खोबणी एका जागी गोठतात, मग रेंजचा नॉब फिरवून त्यांची जागा तुम्ही निवडता. घंटेसारखा एक स्थिर, विचित्र रंग मिळतो. या सोयीचा उपयोग फार कमी लोक करतात, आणि मला ती सगळ्यात सर्जनशील वाटते.

दुसरं घराणं एमएक्सआर कंपनीच्या फ्लँजरचं: मॅन्युअल (मधला उशीर किती), विड्थ (म्हणजे डेप्थ), स्पीड (म्हणजे रेट) आणि रीजन असे चार नॉब, आवाज भरीव आणि बळकट. १९८१ च्या ‘अनचेन्ड’ या गाण्यात गिटारवादक एडी व्हॅन हॅलनने रिफच्या ठरावीक तुकड्यांवर तो पायाने चालू-बंद केला. त्यामुळे तो ऐकणाऱ्याला कंटाळवाणा होत नाही. १९८० चं बॉस बीएफ-२ मी याच्याच शेजारी ठेवीन, फक्त थोडं मऊ आणि वापरायला सोपं. तिसरं घराणं एडीए कंपनीच्या १९७७ च्या फ्लँजरचं. त्याचा पट्टा फार रुंद आहे, सरकता आवाज अगदी वरच्या टोकापर्यंत जातो, आणि सम-विषम हार्मोनिक्सचा खटका मिळतो. हा खटका उशिराचा आवाज सरळ मिसळायचा की उलटा हे ठरवतो. उलटा मिसळला की खोबणींची जागा बदलते आणि पहिली खोबण थेट तळाशी पडते, म्हणून आवाज पोकळ आणि बारीक होतो. ज्यांना नाट्य हवं त्यांच्यासाठी हे घराणं. नॉब एका जागी ठेवून विसरून जाणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

एक मुद्दा घराण्यांपेक्षाही महत्त्वाचा आहे. सरकत्या खोबणी ऐकू येण्यासाठी आवाजात खोडण्यासारखं काहीतरी सगळीकडे पसरलेलं असावं लागतं. क्लीन गिटारच्या एकट्या सुरात मोजकेच हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) असतात, खोबण त्यांच्या मधून निघून गेली तर काही बदललंच नाही असं वाटतं. डिस्टॉर्शन लावलेल्या पॉवर कॉर्डमध्ये हार्मोनिक्सची दाटी असते, तिथे प्रत्येक मिलिमीटरची हालचाल ऐकू येते. म्हणून क्लीन वाजवणारे कोरसकडे आणि भरपूर गेन, म्हणजे भरपूर डिस्टॉर्शन, वापरणारे फ्लँजरकडे झुकलेले दिसतात. यात परंपरेचा आणि फॅशनचाही भाग आहे, पण कान आपलं काम करतच असतो.

यातूनच पेडलच्या क्रमाचा प्रश्न सुटतो. फ्लँजर डिस्टॉर्शनच्या नंतर ठेवला तर सरकणं स्पष्ट आणि भव्य होतं, आधी ठेवला तर डिस्टॉर्शन उंचवटे दाबून टाकतं आणि आवाज एखाद्या स्वराचा उच्चार बदलल्यासारखा, घशातून आल्यासारखा होतो. व्हॅन हॅलनचा फ्लँजर ॲम्पच्या आधी होता, हे त्याच्या आवाजात कळतं. कोरस मात्र डिस्टॉर्शनच्या आधी ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र डिस्टॉर्ट झाले की त्यांच्या ठोक्यांचा चिखल होतो. ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प यांच्या मधल्या जोडणीत, ठेवणार असाल तर लूपची पातळी तपासा. बऱ्याच जुन्या पेडलना लाइन पातळीचा, म्हणजे गिटारपेक्षा जोरकस, सिग्नल झेपत नाही आणि ती आतूनच फाटल्यासारखी वाजतात.

ॲनालॉग की डिजिटल? ॲनालॉग पेडलमधला उशीर ‘बकेट ब्रिगेड’ नावाच्या चिपमधून येतो. १९६९ मध्ये फिलिप्समधल्या सँगस्टर आणि टीअर यांनी ती कल्पना मांडली. सिग्नलचा नमुना एका कपॅसिटरमधून पुढच्यात, तिथून पुढच्यात असा घड्याळाच्या ठोक्यावर सरकत जातो. कोरसमध्ये गाजलेल्या एमएन३००७ या चिपमध्ये असे १०२४ टप्पे आहेत, १०० किलोहर्ट्झच्या घड्याळावर तिच्यातून ५ मिलिसेकंदांपेक्षा किंचित जास्त उशीर मिळतो. घड्याळाचा आवाज गिटारमध्ये येऊ नये म्हणून चिपच्या आधी आणि नंतर फिल्टर लावतात, आणि तेच फिल्टर उशिराच्या आवाजाची वरची धार कापतात. लोक ज्याला ‘ॲनालॉगची ऊब’ म्हणतात त्यातला मोठा हिस्सा एवढाच आहे: हलणारा आवाज थोडा मंद, मूळ आवाज लख्ख. डिजिटल कोरसमध्ये उशिराचा आवाजही पूर्ण तेजस्वी असतो, त्यामुळे सुराचं हलणं वरच्या टोकाला जास्त बोचतं. डिजिटल पेडलवर टोन किंवा हाय-कटचा नॉब असेल तर तो खाली आणा आणि मग तुलना करा. फरक इतका कमी होतो की बँडमध्ये तो ओळखणं अवघड जातं. फ्लँजरमध्ये मात्र मला अजूनही चांगलं ॲनालॉग पेडल जास्त आवडतं, विशेषतः फीडबॅक वाढवल्यावर. चिपमधला थोडा डिस्टॉर्शन आणि फिल्टर यांमुळे टोकं गोल राहतात.

तुमच्या बँडमधला बास वाजवणारा हे पेडल उसनं घेणार असेल, तर त्याला एवढं सांगा. उशीर १२ मिलिसेकंदांच्या आसपास गेला की पहिली खोबण ४१ हर्ट्झवर पडते, म्हणजे बासच्या मोकळ्या ई तारेच्या मूळ सुरावरच. लाट त्या जागेवरून गेली की गाण्याचा पाया हलतो. बॉसच्या सीईबी-३ सारख्या बास कोरसमध्ये उशिराच्या आवाजातला खालचा भाग कापण्याची सोय असते, ती याचसाठी.

आता तुमचा निर्णय. जागा एकाच पेडलची असेल तर मी फ्लँजर घ्यायला सांगेन, पण एका अटीवर: मॅन्युअल, डेप्थ, रेट आणि फीडबॅक हे चारही नॉब हवेत. कारण साधं आहे. फ्लँजरचा फीडबॅक शून्यावर आणला आणि मॅन्युअलने उशीर लांब केला की तो बऱ्यापैकी कोरस देतो. कोरसचा उशीर मात्र फ्लँजरइतका आखूड होतच नाही. हा कोरस सीई-२ इतका गोड नसेल, तरी एका पेडलमध्ये दोघांची सोय होते. ज्याला सूर हललेला खुपतो त्याने रेट अगदी कमी ठेवावा आणि डेप्थ निम्म्याच्या खाली. ज्याला यंत्रासारखा आवाज खुपतो त्याने फीडबॅक शून्यावर ठेवून, एकेक टप्पा वाढवत, जिथे पहिल्यांदा टोचतं त्याच्या एक टप्पा मागे थांबावं. दोघेही मुख्यतः क्लीन वाजवत असतील तर माझं उत्तर बदलेल. तेव्हा डायमेन्शन प्रकारचा कोरस घ्या आणि फ्लँजरचा विचार सोडा. आणि काहीही घेतलंत तरी दोन्ही गिटारवर एकाच वेळी मॉड्युलेशन, म्हणजे असे हलणारे इफेक्ट, नको. एक हलत असताना दुसरी स्थिर राहिली तरच हलणं ऐकू येतं.

ऐकताना एकट्याने, घरात, हेडफोनवर निर्णय करू नका. एकट्या गिटारवर जो डेप्थ योग्य वाटतो तो बँडमध्ये हमखास जास्त होतो, कारण तिथे स्थिर सुराची बास आणि की-बोर्ड शेजारी असतात आणि तुमचं हलणं त्यांच्यासमोर उघडं पडतं. तालमीत पेडल लावा, सगळ्यांबरोबर वाजवा, आणि बाहेर उभ्या राहिलेल्या कोणाला तरी फक्त गिटार सुरात आहे का एवढं विचारा.

जुनं पेडल घेणार असाल तर वीजपुरवठा आधी बघा. बॉसची सुरुवातीची काही मॉडेल्स, त्यात सीई-२ आणि बीएफ-२ ची जुनी पेडल आली, एसीए प्रकारच्या १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरसाठी बनलेली आहेत. आजचा नेहमीचा ९ व्होल्टचा ॲडॅप्टर एकटा लावला तर त्यांचा दिवा मंद होतो आणि आवाज निस्तेज वाटतो. पेडल बिघडलंय असं समजून लोक ते परत करतात. पेडलवर एसीए लिहिलंय की पीएसए (म्हणजे आजचा ९ व्होल्टचा) ते वाचा, किंवा बॅटरी घालून ऐका. बकेट ब्रिगेडची दोन पेडल एकाच वायरवरून साखळीने जोडली तर त्यांची घड्याळं एकमेकांत मिसळून बारीक शिट्टी ऐकू येते. वेगळा आउटपुट दिला की बहुतेक वेळा ती जाते. दुरुस्तीला आलेल्या ‘आवाज करणाऱ्या’ फ्लँजरपैकी पुष्कळसे उघडावेही लागत नाहीत, पुरवठा बदलला की ते शांत होतात. खरोखर आतून शिट्टी येत असेल, तर रेट शून्यावर ठेवून मॅन्युअल हळूहळू फिरवा. शिट्टीचा सूर नॉबबरोबर सरकला तर घड्याळ गळतंय. तेव्हा आतले ट्रिमर, म्हणजे सर्किट जुळवायचे छोटे स्क्रू, आपण होऊन फिरवू नका. फ्लँजरमध्ये बायस, घड्याळ आणि फीडबॅक यांचे ट्रिमर एकमेकांवर अवलंबून असतात, आणि ऑसिलोस्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) असलेल्या माणसाकडे ते काम थोड्या वेळात होतं.